सायकलने कामावर : पहिल्या पाच किलोमीटरांचा संकल्प



पुण्यातील कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळात दुचाकी आणि मोटारींच्या रांगांमागे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन-चार सायकली हमखास आढळतात. त्यांच्या चाकांतील हवा गेलेली असते, साखळीवर गंज चढलेला असतो. नववर्षाच्या उत्साहात त्या घेतल्या गेल्या, पंधरवडाभर टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालल्या आणि मग धूळ खात पडल्या. त्याच संकुलाच्या फाटकाशी मात्र एक सायकल रोज उभी असते. ती पहारेकऱ्याची. तिला नवा रंग नाही, गिअर नाहीत. पण तिच्या सीटवर धूळ बसायला सवड मिळत नाही.

या दोन सायकलींमध्ये जे अंतर पडले आहे, ते कसे मिटवावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ज्याने कित्येक वर्षांत सायकलला पाय लावलेला नाही, ज्याला शर्यत जिंकायची नाही की लांबच्या मोहिमेवर निघायचे नाही, केवळ घरापासून कार्यालयापर्यंत, महाविद्यालयापर्यंत किंवा मंडईपर्यंत सायकलने जायचे आहे, अशा सामान्य माणसाने आरंभ कोठून करावा? आणि त्याने तो करावाच का?

सायकलींचे शहर

पुण्याला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत. हे बिरुद कोणी समारंभपूर्वक बहाल केले नव्हते. रस्त्यावरील नित्याच्या दृश्यातून ते आपोआप रूढ झाले. त्याला कारणेही तशीच होती. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय, १९१६ मध्ये सुरू झालेले आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, संगमाजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय, ही सारी विद्यालये पेठांपासून सायकलच्या टप्प्यात होती. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखानाही पेठांतील कामगाराला सायकलने गाठता येई. गाव आटोपशीर, मध्यवस्तीची जमीन बरीचशी सपाट, हवा सौम्य आणि मध्यमवर्गाची मिळकत बेताची. त्यामुळे प्राध्यापक, कारकून, विद्यार्थिनी, टपालवाला, दूधवाला आणि गिरणी-कारखान्यातला कामगार हे सारे एकाच प्रकारच्या वाहनावरून एकाच रस्त्याने जात. रस्त्यावर वाहनावरून माणसाची पत ठरत नसे.

त्या काळी सायकलवाल्यालाही शिस्त होती. वार्षिक कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिव्याविना जाणाऱ्यास आणि डबलसीट बसवणाऱ्यास पोलीस अडवीत. आज ज्या गोष्टी गमतीने सांगितल्या जातात, त्यांच्या मुळाशी ‘सायकल हेही वाहन आहे आणि सायकलस्वार हाही रस्त्याचा जबाबदार घटक आहे’ ही जाणीव होती.

सायकलला स्वदेशीचाही एक इतिहास आहे. आरंभीच्या काळात ती इंग्लंडहून येई. रॅले, बीएसए, हर्क्युलस ही नावे त्या पिढीच्या तोंडी होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सोनिपत येथे ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो हे कारखाने उभे राहिले. अवघ्या एका पिढीत चित्र पालटले. १९८६ मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारा कारखाना म्हणून हीरोची नोंद गिनीज बुकात झाली. देशात बनणारे, विदेशी तेलाचा थेंबही न मागणारे आणि कोपऱ्यावरच्या कारागिराला अर्ध्या तासात दुरुस्त करून देता येणारे असे दुसरे वाहन दाखवता येणार नाही.

मग पुण्याने ती टाकली कशी? केवळ आळसापोटी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुराने उद्ध्वस्त झालेली पेठांतील कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली आणि शहर नदीकाठ सोडून टेकड्यांच्या दिशेने पसरू लागले. पिंपरी-चिंचवडला कारखानदारी वाढली. १९७२ मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना बाजारात आल्या. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहणारा मध्यमवर्ग याच शहरात होता. पुढे १९९७, २०१७ आणि २०२१ या वर्षी आसपासची गावे महापालिकेत आली. घर आणि काम यांच्यातील अंतर दर दशकाला वाढत गेले. २०१८ मध्ये तर शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने लोकसंख्येलाही मागे टाकले.

अंतर वाढले हे खरे. परंतु घरातून निघणारी प्रत्येक फेरी पंधरा किलोमीटरांची असते काय? बँक, मंडई, ग्रंथालय, मुलांची शिकवणी, सायंशाखा, जवळचे मेट्रो स्थानक ही ठिकाणे बहुधा दोन ते पाच किलोमीटरांच्या आत असतात. तेथेही स्कूटरची किल्ली हातात येते, ती गरजेपोटी नव्हे, सवयीपोटी. सायकलचा आरंभ नेमका येथूनच करावयाचा आहे.

वेळ, पैसा आणि घाम

पहिला आक्षेप वेळेचा असतो. नवखा सायकलस्वार ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने सहज जातो. म्हणजे पाच किलोमीटरांना २० ते २५ मिनिटे लागतात. सकाळच्या गर्दीत सिग्नलवर थांबत, मग गाडी लावायला जागा शोधत स्कूटरवाल्याचीही १५ ते २० मिनिटे जातातच. फरक उरतो तो पाच-सात मिनिटांचा.

दुसरा मुद्दा पैशाचा. रोज दहा किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर २५० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला त्यासाठी सुमारे साडेपाच लिटर पेट्रोल लागते. म्हणजे महिन्याची बचत सहाशे रुपयांच्या आत-बाहेर. या रकमेने कोणत्याही कुटुंबाचे दैव पालटत नाही आणि तसे भासवून कोणाला सायकलवर बसवूही नये. मात्र देश आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, हे ध्यानात घेतले, की एका घरातील साडेपाच लिटरांना वेगळा अर्थ येतो. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही.

खरा लाभ आहे तो शरीराचा. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाच किलोमीटरांवरील कार्यालयात आठवड्यातून चार दिवस सायकलने जाऊन-येऊन करणाऱ्याची १६० मिनिटे, कोणतेही शुल्क न भरता आणि वेगळा वेळ न काढता, भरतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सांगणे न लगे.

तिसरा आक्षेप घामाचा. घाम बहुतांशी वेगामुळे येतो. सायकलवर बसताच शर्यतीच्या आवेशात पायडल मारणारा दोन किलोमीटरांत भिजतो. दहा मिनिटे लवकर निघून बोलता येईल इतक्या संथ गतीने जाणारा कोरडा पोहोचतो. उन्हाळ्यात साधा सदरा घालून निघावे आणि इस्त्रीचा सदरा व लहान टॉवेल कॅरिअरवरील पिशवीत ठेवावा. पिशवी पाठीवर घेतली, की पाठ भिजते. हँडलला अडकवली, की तोल जातो. ओझ्याची जागा कॅरिअरच.

सायकल कोणती घ्यावी?

पहिले उत्तर असे, की लगेच विकत घेऊच नये. वाहनतळात पडलेली सायकल जवळच्या सायकल दुकानात न्यावी. टायर भेगाळले आहेत का, ट्यूब धरते का, ब्रेकचे रबर झिजले आहेत का, ब्रेकच्या तारा मोकळ्या सरकतात का, चाक डुगडुगते का, साखळीला तेल हवे का, एवढे पाहून घेतले, की पुष्कळदा अल्प खर्चात ती चालती होते. महिनाभर तिच्यावर सराव करावा. सवय टिकते आहे असे वाटले, तरच नवीचा विचार करावा. कोपऱ्यावरच्या कारागिराच्या हाताला त्यामुळे काम मिळते, हा लाभ वेगळाच.

नवी घ्यायची झाल्यास दिखाऊपणाला भुलू नये. जाड टायरांची, पुढे-मागे स्प्रिंग बसवलेली सायकल डोंगरवाटेसाठी असते. शहरात ती जड पडते आणि पायांचे बळ खाते. कामावर जाणाऱ्याला सरळ बसता येईल असे हँडल, दोन्ही चाकांवर मडगार्ड, साखळीवर झाकण, मागे कॅरिअर, भक्कम स्टँड आणि खणखणीत घंटी एवढे हवे. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, लष्कर या भागांत फिरणाऱ्यास साधी, बिनगिअरची सायकल पुरते. पाषाण, वारजे, कात्रज, कोंढवा अशा चढाच्या भागांत राहणाऱ्यास गिअरची सायकल घेणे शहाणपणाचे. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा; चढाच्या मध्यावर जोर लावीत गिअर बदलल्यास साखळी कुरकुरते, प्रसंगी उतरते. आणि एवढे करूनही दम लागला, तर खाली उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

वयस्करांसाठी किंवा लांबच्या चढासाठी विजेवर साहाय्य घेणाऱ्या सायकलीही आता मिळतात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तिची गणना मोटार वाहनात होत नाही. तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. घेताना विक्रेत्याकडून याची कागदोपत्री खात्री करून घ्यावी.

सीटची उंची ही बाब नवखे हमखास दुर्लक्षितात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी. पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली, की गुडघे दुखतात आणि दोष मात्र वयाला दिला जातो. पहिले काही दिवस जमिनीला पाय टेकण्याचा धीर हवा असेल, तर ती थोडी खाली ठेवावी आणि आठवड्यागणिक अर्धा-अर्धा इंच वर घ्यावी. चाकातील हवा आठवड्यातून एकदा तपासावी. किती हवा भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. अर्धवट हवेच्या चाकावर चालणे म्हणजे ब्रेक लावून चालण्यासारखेच आहे.

रविवारची रंगीत तालीम

कामाच्या दिवशी, साडेनऊच्या गर्दीत पहिल्यांदा सायकल काढणारा दुसऱ्या दिवशी ती काढीत नाही. म्हणून पहिली फेरी रविवारी सकाळी सहा-साडेसहाला मारावी. घरापासून कार्यालयाच्या दारापर्यंत पूर्ण मार्ग जाऊन यावे आणि डोळे उघडे ठेवावेत. खड्डे कोठे आहेत, गटाराच्या जाळीच्या फटी चाकाला समांतर कोठे आहेत, बस कोठे थांबतात, उजवीकडे वळणे कोठे अवघड आहे, परतीचा रस्ता एकदिशा असल्याने वेगळा पडतो का, हे सारे मनात नोंदवावे. घड्याळही पाहावे, म्हणजे कामाच्या दिवशी किती आधी निघायचे ते कळते.

स्कूटरचा मार्ग तोच सायकलचा मार्ग, हा समज सोडावा. सायकलला थोडा लांबचा पण शांत रस्ता मानवतो. कोथरूडहून डेक्कनकडे येणाऱ्याने नळ स्टॉपनंतर कर्वे रस्ता सोडून प्रभात रस्त्याच्या सावलीतल्या गल्ल्या धराव्यात. पाच मिनिटे अधिक गेली तरी मन निर्धास्त राहते. पेठांतील बोळ हे तर सायकलसाठीच जणू राखलेले आहेत. याउलट कात्रज-देहूरोड बाह्यवळण, अवजड वाहनांच्या उतारावरील अपघातांसाठी कुप्रसिद्ध झालेला नवले पुलाचा परिसर, चांदणी चौकातील रस्त्यांचे जाळे आणि सर्वच मोठे उड्डाणपूल नवख्याने कटाक्षाने टाळावेत. ज्याचे घर आणि कार्यालय यांच्यामध्ये असा टप्पा अटळ आहे, त्याने सायकल कार्यालयापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये.

अशांसाठी मेट्रो हा उत्तम मधला मार्ग आहे. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. घरापासून स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर सायकलने आणि पुढचे मेट्रोने, अशी जोड घालता येते. सायकल ठेवण्याची सोय आणि ती सोबत नेण्याविषयीचे नियम आपल्या स्थानकावर आधी विचारून घ्यावेत. कुलूप चाकाला एकट्याला न लावता चाक आणि दांडी दोन्ही घेऊन एखाद्या स्थिर खांबाला लावावे.

तालमीनंतरच्या आठवड्यात फक्त एक कामाचा दिवस निवडावा. दुसऱ्या महिन्यात दोन आणि तिसऱ्या महिन्यात तीन. एखादा दिवस चुकला म्हणून व्रतभंग झाला असे मानू नये. रोजच जाणार, अशी प्रतिज्ञा करणारे बहुधा तिसऱ्या दिवशी थकतात. ठरलेला एक वार सांभाळणारे टिकतात. शाखेत नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाविषयी कार्यकर्त्यांचा जो अनुभव असतो, तोच येथेही लागू पडतो.

रस्त्यावरची शिस्त

सायकलस्वाराची सुरक्षितता पहिल्याप्रथम त्याच्या स्वतःच्या वर्तनात असते. डावीकडून जावे, परंतु गटाराच्या कडेला चिकटून नव्हे. तेथे जाळ्या, काचा आणि खडी असते. उभ्या मोटारींपासून हातभर तरी अंतर राखावे, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. रिकामी जागा दिसली की आत, मोटार दिसली की बाहेर, अशी नागमोडी चाल धोक्याची. सरळ रेषेत चालणारा सायकलस्वार मागच्याला स्पष्ट कळतो. वळण्यापूर्वी उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, हात दाखवावा आणि मगच वळावे. यासाठी एका हाताने सायकल चालवण्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करून घ्यावा.

मोठ्या चौकात उजवीकडे वळण्याचा एक सुरक्षित मार्ग आहे. डावीकडूनच सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावे, सायकलचे तोंड वळवून घ्यावे आणि त्या दिशेचा सिग्नल सुटल्यावर पुढे जावे. तेही अवघड वाटले, तर उतरून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून चालत जावे. थांब्यावरून निघणाऱ्या बसच्या किंवा वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नये. चालकाला ती जागा दिसत नाही. उलट दिशेने जाणे आणि लाल सिग्नल मोडणे हे तर सायकलवाल्याला अधिकच वर्ज्य. हातात पोलादी पत्रा नसलेल्याने नियम मोडणे हे धाडस नव्हे, अविवेक आहे. शिवाय एक सायकलस्वार सिग्नल मोडतो, तेव्हा साऱ्या सायकलस्वारांविषयीचा आदर कमी होतो.

ब्रेक दोन्ही लावावेत. केवळ पुढचा ब्रेक कचकन दाबल्यास सायकल उलटते. पावसाळ्यात ओल्या चाकावर ब्रेक उशिरा लागतात, म्हणून अंतर अधिक ठेवावे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. त्या दिवशी, तसेच लोखंडी झाकणांवर आणि पट्ट्यांच्या रंगावर चाक घसरते. पाणी साचलेल्या जागी खालचा खड्डा दिसत नाही. तेथे उतरून बाजूने जावे. चाकात अडकणारा मोकळा झगा टाळून सदरा-विजार असा रेनकोट घ्यावा. खडकवासल्यातून पाणी सोडले, की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला ठाऊकच असते. नदी ओलांडणाऱ्याने दुसरा मार्ग आधीच ठरवलेला असावा. मुसळधार पावसात स्कूटर किंवा बस पकडण्यात काही वावगे नाही.

अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, तसेच चमकपट्ट्या असाव्यातच. पूर्वी त्यासाठी पोलिसांचा धाक होता. आता स्वतःच्या कुटुंबाचा विचार पुरेसा असावा. शिरस्त्राण घालण्याची सक्ती कायद्याने सायकलस्वारावर केलेली नाही. तरी ते घालावे. भगिनींनी ओढणी बांधून घ्यावी, मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी आणि पुरुषांनी विजारीचे टोक क्लिपने आवळावे. जुने पुणेकर ही क्लिप खिशात बाळगीत.

रस्ता कोणाचा?

येथवरचे विवेचन सायकलस्वाराच्या कर्तव्यांचे झाले. परंतु त्याच्या वाट्याचा रस्ता कोठे आहे, हा प्रश्न उरतोच. पुण्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी सुरू झाली. तिच्या बाजूने सायकल मार्गही आखला गेला. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे आठशे किलोमीटरांचे जाळे कल्पिलेले होते. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. पुढे सायकलींची मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या आणि कंपन्या एकेक करून निघून गेल्या. जे सायकल मार्ग आहेत, ते तुटक आहेत. कोठे फरशी उखडलेली, कोठे मध्येच खांब, कोठे विक्रेत्यांची मांडणी आणि बऱ्याच ठिकाणी सुशिक्षित नागरिकाचीच मोटार उभी. मार्ग रिकामा दिसतो म्हणून तो बळकावला जातो आणि बळकावलेला असतो म्हणून सायकलस्वार त्यावर येत नाही. हे दुष्टचक्र तोडायचे कोणी?

येथे हॉलंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तो देश पूर्वीपासूनच सायकलींचा होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले. १९७१ या एका वर्षात तेथील रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. मुलांचे बळी थांबवा, असे सांगणारे आंदोलन उभे राहिले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेथील आजचे सायकल मार्ग हे या नागरिकांच्या आग्रहाचे फळ आहे. त्या देशाचे अंधानुकरण करण्याचे कारण नाही. तेथील सपाटी पुण्याला नाही आणि पुण्याचा पाऊस तेथे नाही. घेण्यासारखे आहे ते इतकेच, की आधी वापरणारे आणि मागणारे उभे राहिले, मग मार्ग झाले.

पुण्यात सायकल वापरणारे आजही आहेत. पहारेकरी, घरकामाला जाणाऱ्या भगिनी, रंगकाम करणारे मजूर, पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, जवळच्या शाळेत जाणारे विद्यार्थी. त्यांना दुसरा पर्याय नाही म्हणून ते सायकलवर आहेत. रुंद झालेल्या प्रत्येक रस्त्यावर त्यांची जागा अधिक अरुंद होत गेली. पण क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज करण्याइतकी सवड आणि तेवढा वचक त्यांच्यापाशी नाही. जो अपघातात सापडतो तो आकड्यात जातो, इतकेच. ज्याच्यापाशी पर्याय आहे, ज्याला लिहिता-बोलता येते, ज्याचे नगरसेवक ऐकतो, असा माणूस सायकलवर आला, की त्या खड्ड्याला तक्रारदार मिळतो. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात, पहारेकऱ्याच्या बरोबरीने सायकल चालवणे ही तिची एक साधी कृती आहे.

आणि नेमके हेच अवघड जाते. ऊन, पाऊस, चढ हे आक्षेप वरवरचे असतात. आत दडलेला आक्षेप प्रतिष्ठेचा असतो. साहेब सायकलवरून आले, तर लोक काय म्हणतील? मुलीच्या सासरची मंडळी काय समजतील? सायकल ही अभावाची खूण मानली गेली, तिथेच तिचा रस्ता गेला. पूर्वी याच शहरात विद्वान प्राध्यापक सायकलवरून येत आणि त्यांच्या विद्वत्तेला उणेपणा येत नसे. माणसाची योग्यता वाहनाच्या किमतीवरून जोखण्याची सवय अलीकडची आहे. ती जाऊही शकते.

कार्यकर्ता आणि कुटुंब

संघकार्याला सायकल नवी नाही. एका पिढीचा कार्यकर्ता सायकलवरच वाढला. सकाळी शाखा, मग नोकरी, सायंकाळी वस्तीत संपर्क आणि रात्री बैठक, हा सारा प्रवास दोन चाकांवर होत असे. सायकलवरून जाणारा कार्यकर्ता वाटेत थांबे, कोणाची विचारपूस करी, सोबत चालणाऱ्यासाठी उतरून दोन पावले चाले. संपर्क हा वेगळा कार्यक्रम नव्हता. तो वाटेतच घडे. काच वर केलेल्या मोटारीतून वस्ती दिसते, वस्तीतली माणसे दिसत नाहीत.

२०२५ च्या विजयादशमीला संघाने शताब्दी वर्षात पदार्पण केले आणि त्या निमित्ताने पंच परिवर्तनाचे विषय समाजापुढे मांडले गेले : सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी जीवनशैली आणि नागरिक कर्तव्य. या विषयांवर पत्रके वाटणे सोपे आहे. त्यांपैकी बहुतेकांना एकाच वेळी स्पर्श करणारी आणि आपल्या अंगणातून सुरू करता येणारी कृती कोणती, असे कोणी विचारल्यास ‘आठवड्यातून एक दिवस सायकल’ हे उत्तर निःसंकोच देता यावे. एका नगरातील कार्यकर्त्यांनी गुरुवारच्या बैठकीला सायकलनेच यायचे ठरवले, तर त्या नगरातील सायकल मार्गावर कोणाच्या गाड्या उभ्या असतात हे महिन्याभरात सर्वांना कळेल. मग आधी आपल्या घरातील गाडी तेथून हलवावी आणि त्यानंतर महापालिकेकडे अर्ज घेऊन जावे. या क्रमानेच अर्जाला वजन येते.

कुटुंबाने मुलांच्या बाबतीत घाई करू नये. नवशिक्या मुलाला एकट्याने हमरस्त्यावर धाडणे योग्य नव्हे. रविवारी आई-वडिलांनी त्याच्यासोबत निघावे. मूल पुढे, मोठे मागे. हात दाखवणे, मागे पाहणे, सिग्नलला थांबणे हे त्याने पाहून-पाहून शिकावे. वडील सिग्नलला थांबतात, हे पाहिलेले मूल पुढे अठराव्या वर्षी मोटारसायकलवर बसले, तरी थांबते. संस्थाचालकांनी आणि कार्यालयप्रमुखांनी सायकलसाठी पहारेकऱ्याच्या नजरेसमोर छपराखालची जागा राखावी आणि हात-तोंड धुण्याची सोय करावी. याला मोठा निधी लागत नाही.

कोणी म्हणेल, दहा-वीस माणसांनी सायकल चालवल्याने लाखो वाहनांच्या शहरात काय फरक पडणार? प्रदूषणाच्या आकड्यात कदाचित लगेच काही दिसणारही नाही. परंतु रस्त्यावर आज सायकलवर असलेल्या माणसाला त्या दिवसापासून सोबत मिळेल आणि सायकलस्वारांची संख्या वाढू लागली, की मोटारचालकही त्यांच्यासाठी वेग कमी करायला शिकतो. त्यासाठी कोणत्याही आराखड्याच्या पूर्ततेची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी सायकल खाली काढावी. फडक्याने पुसावी, दुकानात नेऊन हवा भरावी, ब्रेक आणि साखळी पाहून घ्यावी, सीट नीट बसवून घ्यावी. रविवारी पहाटे मार्ग पाहून यावा. आणि पुढच्या आठवड्यात एक वार नेमून, दहा मिनिटे आधी, घरातून निघावे.